लाल कोट नसलेली माणसं: क्लबमेन रंगवण्याबद्दल

लाल कोटवाले सैनिक सगळेच रंगवतात, मी सध्या शेतकरी रंगवतोय. २८ मिलिमीटरचे छोटे पुतळे, हातात काठी, कोयता, दाताळं, डोक्यावर जुनाट फेल्टची टोपी आणि टोपीला पांढरी फीत. इंग्लंडच्या यादवी युद्धातले क्लबमेन. वॉरगेमिंग म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, टेबलावर डोंगर, गाव, रस्ते मांडायचे, छोट्या रंगवलेल्या पुतळ्यांच्या तुकड्या करायच्या आणि फासे, मोजपट्टी आणि नियमांच्या आधारानं जुन्या लढाया खेळायच्या. सांगलीत हे करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, पण आहेत, आणि मिरजेला एका मित्राकडे मोठं टेबल आहे तिथं आम्ही जमतो.

आता हे क्लबमेन कोण ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय रंगवण्यात मजा नाही. १६४२ ला तिकडं राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. तीन वर्षं झाली तरी संपेना. राजाचं सैन्य आलं की गावात मुक्काम, घरात सैनिक, दाणावैरण त्यांची, पैसे नंतर देतो म्हणून चिठ्ठी. ते गेले की पार्लमेंटचं सैन्य, परत तेच. घोडे गेले, गुरं गेली, वर दोन्हीकडून पट्टी. मग १६४५ मध्ये (म्हणजे इकडं शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते त्या वेळी) आधी वूस्टरशर, हेरफर्डशर या पश्चिमेच्या भागात आणि मग विल्टशर, डॉर्सेट, सॉमरसेटमध्ये गावकरी एकत्र यायला लागले. आमच्या गावात कुणीच यायचं नाही, राजाचं पण नाही आणि पार्लमेंटचं पण नाही, युद्ध करायचं तर दुसरीकडं जाऊन करा, एवढंच म्हणणं. हजारोंनी जमायचे, काहींकडे बंदुका पण असायच्या, पण बहुतेकांच्या हातात शेतातलं अवजार नाहीतर काठी. खूण एकच, पांढरी फीत.

मला हे लोक इतके जवळचे का वाटतात, तर आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या भागात सैन्य येतंय म्हटलं की धान्य पेवात लपवायचं, वर माती टाकून सारवून घ्यायचं, बायकापोरं आणि गुरं घेऊन डोंगराला जायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. फौज कुणाचीही असो, गावकुसाबाहेर घोडे दिसले की पोटात गोळा येणारच. इतिहासाच्या पुस्तकात सरदार असतात, तलवारी असतात, पेव उकरलं गेलेला कुणबी नसतो. वॉरगेमिंगमध्ये पण तसंच आहे, लोक घोडदळ रंगवतात, झेंडे रंगवतात, सेनापती रंगवतात, आणि गाव म्हणजे नुसती चार घरं टेबलाच्या मधोमध ठेवलेली, त्यात माणूसच नाही. मला त्या घरातली माणसं पाहिजे होती.

पुतळे दोन ठिकाणचे आहेत, काही धातूचे, बाहेरून मागवलेले, आणि काही रेझिनचे, थ्रीडी प्रिंट करून घेतलेले. सगळे मिळून साधारण पन्नास-एक. रंगवायला घेतले तेव्हा ज्यांना विचारलं त्यांनी एकच सल्ला दिला, शेतकरी आहेत ना, मग सगळ्यांना तपकिरी मार, वरून ब्राऊन वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) सोड, दोन संध्याकाळी संपतंय. हे मला अजिबात पटत नाही. तीन फुटांवरून बघितलं तर तो नुसता चिखलाचा गोळा दिसतो, माणसं दिसतच नाहीत. सैनिकांची तुकडी एकसारखी दिसावी हे बरोबर आहे, पार्लमेंटच्या न्यू मॉडेल आर्मीला १६४५ ला लाल कोट दिले ते त्यासाठीच, दुरून एक दिसायला पाहिजेत. पण हे गावचे लोक आहेत. प्रत्येकाचा कोट वेगळ्या घरात कातलेला, वेगळ्या साली शिवलेला, बापाचा पोराला आलेला. गर्दी रंगवायची असली तरी एकेक माणूस वेगळा रंगवावा लागतो.

रंगाचं उत्तर मला घरातच मिळालं. आमच्याकडे आजोबांची जुनी घोंगडी आहे, आटपाडीकडची. घोंगडी म्हणजे न रंगवलेली लोकर. मेंढराच्या अंगावर जो रंग तोच. पण नीट उजेडात घेऊन बसा आणि बघा, त्यात काळा असा कुठं नाहीच. जिथं घडी पडलेली, ऊन लागलं नाही, तिथं काळसर, थोडा निळसरच म्हणा. जिथं वर्षानुवर्षं ऊन लागलंय, खांद्याचा भाग, काठ, तिथं चक्क तांबूस तपकिरी. काळी लोकर उन्हात अशी तांबडी पडत जाते, करडी नाही. ज्या पट्ट्यात काळा आणि पांढरा धागा मिसळून कातलाय तिथं लांबून करडा दिसतो आणि जवळून बघितलं तर दोन्ही धागे वेगळे. चिंचोक्याची खळ दिलेली असते त्यामुळं नवी घोंगडी जरा ताठ आणि एकरंगी वाटते, जुनी झाली की तिचे रंग बाहेर येतात.

आता डॉर्सेट हा पण मेंढरांचाच मुलूख. तिकडची मेंढरं बहुतेक पांढरी, कळपात एखादं काळं. गरीब माणूस रंगाला पैसे कुठनं आणणार, तो पांढऱ्यात थोडी काळी लोकर मिसळून करड्या रंगाचं जाडंभरडं कापड करायचा. म्हणजे माझा मुख्य रंग करडा, पण ट्यूबमधून काढलेला करडा नाही. काळा आणि पांढरा मिसळून केलेला करडा टेबलावर सिमेंटसारखा मेलेला दिसतो. मी काळ्याऐवजी गडद तपकिरी आणि चिमूटभर निळा घेतो आणि पांढऱ्याऐवजी मळका सायीचा रंग. एका कोटात तपकिरी जास्त, दुसऱ्यात निळा जास्त, तिसऱ्यात साय जास्त. पॅलेटवर जे उरतं ते फेकायचं नाही, पुढच्या माणसाच्या विजारीत जातं. त्यामुळं सगळे वेगळे दिसतात तरी एका गावचे वाटतात. आणि काळ्या लोकरीचा कोट ज्याला दिलाय (तसे दोघं-तिघंच ठेवलेत) त्याच्या खांद्यावर हायलाइट (उजेड पडतो तिथली फिकट छटा) करडा न मारता तांबूस तपकिरी मारला. एवढ्या एका गोष्टीनं तो कोट कापडाचा वाटायला लागला.

नुसता करडाच ठेवला तरी बरोबर नाही. त्या काळात गावातल्या माणसाला पण थोडा रंग परवडायचा. निळा वोड नावाच्या झाडाच्या पानांपासून, आपल्या निळीचाच रंग पण फिका. तांबडा मुळांपासून, आपल्या मंजिष्ठेच्या जातीचंच झाड. पिवळा वेल्ड नावाच्या रानझाडापासून. निळ्यावर पिवळा चढवला की हिरवा. हे सगळे रंग धुऊन धुऊन विटलेले. म्हणून मी निळा, तांबडा, हिरवा वापरतो पण प्रत्येकात तो करडा मिसळतो. दहा माणसात एक विटका निळा, एक विटका तांबडा, त्याच्या वर नाही. आणि लाल रंगाच्या बाबतीत मी फार कडक आहे, क्लबमेनच्या अंगावर भडक लाल कुठंच येऊ देत नाही, कारण समोर पार्लमेंटचं जे पायदळ येणार ते लाल कोटात आहे आणि तो लाल टेबलावर अंगावर आल्यासारखा दिसला पाहिजे.

ठिगळं. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला ते करायला सगळ्यात आवडलं. ठिगळ कुठं पडतं तर कोपराला, गुडघ्याला, बसायच्या जागी. छातीवर पडत नाही. आणि ठिगळाचं कापड मूळ कापडापेक्षा कमी विटलेलं असतं, म्हणजे रंग जरा गडद. चौकोन काढायचा, आतून एक छटा गडद, आणि काठाला बारीक ठिपके, टाक्यांचे. सगळ्यांना नाही, चार-पाच जणांना.

आता हत्यारं, आणि इथं सांगली जिल्ह्यात राहायचा फायदा आहे, कारण आपल्याकडे ऊसतोडीच्या वेळी कोयता बघायला कुठं लांब जावं लागत नाही. विकत मिळणारे पुतळे रंगवलेले बघा, कोयत्याचं, विळ्याचं सगळं पातं चकचकीत चांदीसारखं. खरा कोयता असा नसतो ओ. पात्याचा पाठीकडचा भाग काळपट, लोहाराच्या हातोडीच्या खुणा असलेला, मध्ये तपकिरी, चिकाचे डाग, आणि फक्त धारेची बारीक कड लखलखीत कारण ती रोज पाजळलेली असते. म्हणजे आधी काळसर तपकिरी, त्यावर गडद धातूचा रंग अर्धवट, आणि शेवटी धारेवर चांदीची एकच रेघ. गंज कमी लावायचा. वापरातलं हत्यार गंजत नाही, अडगळीतलं गंजतं, आणि मी मांडतोय ती डॉर्सेटमधल्या हॅम्बल्डन हिलची लढाई ऑगस्टमधली आहे, तिकडं सुगीचे दिवस, प्रत्येक विळ्याला धार लावलेली असणार. लांब दांड्याचा जो गवत कापायचा मोठा विळा तिकडं असतो त्याचं पातं काही जणांनी दांड्याच्या सरळ रेषेत बसवलेलं दाखवलंय, भाल्यासारखं धरायला.

दांडा पण असाच बघून रंगवावा. कुदळीचा, कुऱ्हाडीचा जुना दांडा बघा, जिथं रोज हात पडतो तिथं लाकूड काळपट आणि तुकतुकीत झालेलं असतं, टोकाला कोरडं, करडं. म्हणून सगळ्या दांड्याला मॅट वार्निश आणि मुठीच्या जागी ब्रशनं अगदी थोडं सॅटिन, म्हणजे किंचित चमकणारं वार्निश. उजेडात धरलं की ती जागा चमकते. हे कुणाच्या लक्षात येईल न येईल, मला ते माहीत आहे आणि मला ते पाहिजे.

चेहऱ्याबद्दल दोन मतं आहेत, डोळे काढायचे की नाही. मी गणपतीच्या दिवसांत एका मूर्तिकाराच्या कारखान्यात जाऊन तासन्‌तास बसायचो, डोळ्यांची आखणी बघत. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती अशी, "पांढरं नंतर बघ, आधी वरच्या पापणीची रेघ बसव. ती बसली की डोळा बसला." आणि त्यांचा ब्रश बघितला तर अगदी बारीक नाही, जरा जाडच, पण टोक सुईचं. लोक तीन शून्य नंबरचा ब्रश घेतात, त्यात रंग मावतच नाही, टेकवायच्या आत वाळतो. एक नंबरचा चांगल्या टोकाचा ब्रश घ्या, जास्त काम देतो. मी गर्दीतल्या माणसांना फक्त पापणीची रेघ देतो, टोपीच्या सावलीत तेवढं पुरतं, बुबुळं काढली की सगळे दचकल्यासारखे दिसतात. पण जो त्यांना पुढं घेऊन चाललाय त्या पाद्र्याला पूर्ण डोळे दिलेत. कातडी मात्र सगळ्यांची उन्हात भाजलेली, नाक, कान, मान लालसर, आणि गळपट्टी जिथं सैल आहे तिथं आतला गोरा रंग एकदम वेगळा. आपल्या अंगावर बनियनची रेघ उठते ना, तसं.

रंगांचं म्हणाल तर व्हॅलेहो आणि सिटाडेल बाहेरून येतात, महाग पडतात, म्हणून त्वचा आणि वॉशसाठी ते आणि कोट, जमीन, लाकूड यासाठी कॅमलिनचे ॲक्रिलिक. पातळ करून दोन-तीन हात दिले तर चांगले बसतात. स्प्रेचा प्रायमर (रंगाच्या आधी द्यायचा थर) जून ते सप्टेंबर सांगलीत वापरूच नका, हवेत इतका दमटपणा असतो की पृष्ठभाग रवाळ होतो. ब्रशनं लावायचा प्रायमर घ्या आणि पंख्याखाली ठेवा. आणि आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांकडं सरकायला लागलं की आमच्या घरात सामान वर चढवायला सुरुवात होते, त्यात हे डबे सगळ्यात आधी जातात, आई स्वतः उचलून देते. "तुझी माणसं घे आधी," म्हणते.

पांढरी फीत सगळ्यात शेवटी. सगळ्या टेबलावर शुद्ध पांढऱ्याच्या जवळ जाणारी ही एकच गोष्ट ठेवलीय, सदरे पण सायीच्या रंगाचे केलेत म्हणजे फीत उठून दिसावी. सावलीत फिकट करडा, वर एक ठिपका पांढरा, बस.

झेंडा कागदावर हातानं लिहिलाय. त्यांच्या झेंड्यावरचा मजकूर इतिहासात नोंदलेला आहे, यमकात आहे, आणि आपल्या बोलीत सांगायचं तर असा: लुटाल किंवा गुरं न्याल, तर पक्कं समजा, आमच्याशी लढाल. राजा नाही, धर्म नाही, पार्लमेंट नाही, गुरं. मला हा त्या सगळ्या युद्धातला सगळ्यात खरा झेंडा वाटतो. ज्याची एक बैलजोडी जाते त्याचं पुढचं वर्ष जातं हे इथं कुणालाही माहीत आहे. अक्षरं मुद्दाम घोटीव काढली नाहीत, हात गावच्या कुणाचा तरी वाटला पाहिजे.

बेसवर, म्हणजे पुतळ्याच्या पायाखालच्या चकतीवर, आपली काळी माती चालत नाही. ही माणसं जिथं लढली तो हॅम्बल्डन हिल खडूच्या दगडाचा डोंगर आहे, गवत खरवडलं की आत पांढरंफटक. त्यासाठी मी रांगोळी वापरली. फेविकॉल पाण्यात पातळ करून बेसवर लावायचा, बारीक वाळू, त्यावर चाळणीनं रांगोळी, वाळली की फिकट पिवळसर वॉश म्हणजे भगभगीत दिसत नाही. गवत अगदी आखूड, मेंढरांनी चरलेलं, उंच झुपके कुठं लावू नका. पायवाट पांढरी ठेवायची. बुटांना आणि विजारीच्या खालच्या कडेला तीच रांगोळीची पूड कोरड्या ब्रशनं. चिखलाचा तपकिरी मारला की डॉर्सेट राहत नाही.

त्या डोंगरावर काय झालं ते पण सांगतो. नेझबीला जूनमध्ये आणि लँगपोर्टला जुलैमध्ये राजाचा पराभव झालेला होता (लँगपोर्टनंतर पळणाऱ्या राजाच्या सैनिकांना सॉमरसेटच्या क्लबमेननीच गाठून झोडपलं, तीन वर्षांचा राग होता तो). ऑगस्टमध्ये पार्लमेंटच्या सैन्यानं शाफ्ट्सबरीला क्लबमेनचे पन्नासच्या आसपास पुढारी धरले. ४ ऑगस्टला पार्लमेंटच्या घोडदळाचा सेनापती क्रॉमवेल घोडेस्वार घेऊन गेला तर हॅम्बल्डन हिलवर दोन हजारांच्या जवळपास गावकरी जमलेले. वर लोहयुगातला किल्ला आहे, म्हणजे अजिंक्यताऱ्यासारखा तट-बुरूज नाही, मातीचे उंच बांध आणि खंदक. त्यांना समजावायला माणसं पाठवली, ते ऐकेनात, गोळ्या झाडल्या. समोरून घोडेस्वार चढले ते गावकऱ्यांनी मागं रेटले. विचार करा, दोन महिन्यांपूर्वी नेझबी जिंकलेले घोडेस्वार, आणि समोर काठ्या. शेवटी क्रॉमवेलचा अधिकारी डेसबरो याची तुकडी मागच्या अंगानं वर आली तेव्हा फळी फुटली. काँप्टनचा पाद्री ब्रॅव्हेल मागं सरेल त्याला गोळी घालीन म्हणत उभा होता, माझ्या टेबलावरचा डोळेवाला पाद्री तोच. क्रॉमवेलनं पत्रात लिहिलं की बारासुद्धा मेले नसतील पण पुष्कळ जण कापले गेले, तीनशेच्या आसपास धरले. त्यांना श्रॉटनच्या चर्चमध्ये रात्रभर कोंडलं. आणि त्यानं पार्लमेंटच्या सैन्याचा सरसेनापती फेअरफॅक्स याला लिहिलं, ही बिचारी खुळी माणसं आहेत, घरी पाठवू द्या, पुन्हा असं केलं तर फाशी द्या म्हणतायत. खुळी हा शब्द मला मान्य नाही, पण घरी पाठवली हे चांगलं केलं.

एक मित्र म्हणाला, तू कुंडलजवळचा, तुफान सेना रंगव की, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मातीतलं. करायचंच आहे. पण ते वेगळे लोक, त्यांना इंग्रजांचं राज्य घालवायचं होतं, त्यासाठी शेणोलीला १९४३ मध्ये रेल्वेगाडी अडवली. क्लबमेनना कुणाचंच राज्य घालवायचं नव्हतं. दोन्हीकडं काठ्या-कुऱ्हाडी दिसतात म्हणून एकाच्या पुतळ्यावर दुसऱ्याचं धोतर चढवायचं हे मला चालणार नाही. त्यांचे पुतळे वेगळे घडवून घ्यावे लागतील, नेहरू शर्ट, धोतर, टोपी सगळं नीट बघून.

आणि शेवटचं, खेळाबद्दल. बहुतेक नियमांत क्लबमेन म्हणजे अप्रशिक्षित जमाव, कमी गुण, पहिल्या धक्क्याला पळणार. आणि त्यांना कुठल्यातरी एका बाजूला जोडून टाकतात. हे मला पटत नाही, म्हणून आम्ही मिरजेला तीन जणांचा खेळ बसवलाय. एकाकडे राजाचं सैन्य, दुसऱ्याकडे पार्लमेंटचं, दोघांनाही दाणावैरण आणि गुरं पाहिजेत, आणि तिसऱ्याकडे गाव. गावानं कुणाला मारून गुण मिळत नाहीत. शेवटच्या डावाला गावात किती गुरं शिल्लक आहेत तेवढेच गुण. चर्चची घंटा वाजवायची तर एक माणूस तिथं पोचवावा लागतो, वाजली की शेजारच्या गावचे लोक टेबलाच्या कडेनं येतात, पण किती येतील ते फासे ठरवतात. गावाच्या बांधाआड उभे असले तर ते घोडेस्वारांना पण थोपवतात, उघड्या रानात आले तर मात्र अवघड. आणि धरलेला माणूस खेळातून बाद होत नाही, दोन डावांनी सोडून द्यायचा, तो परत घरी येतो. खेळून बघितलं तर सगळ्यात चुरस गावाच्या खेळाडूचीच होते, कारण त्याला सारखं ठरवावं लागतं, आत्ता राजाच्या माणसांना वाट द्यायची का, म्हणजे ते पुढं जातील, की अडवायचं.

दिवाळीच्या सुट्टीत परत मांडणार आहोत, तोपर्यंत गुरं रंगवून व्हायला पाहिजेत, सध्या टेबलावर तीच आहेत, तांबडी, बांडी, एक काळा बैल. कोल्हापूर, कराड, इस्लामपूरकडचं कुणी खेळत असेल किंवा नुसतं बघायला यायचं असेल तर कळवा, गावाच्या बाजूनं एक खेळाडू कमी पडतोय.